आधी बोलणे, मग व्याकरण

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या पुढे, शहर नेमके कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये अशा एका वस्तीतील शाळेत गेल्या हिवाळ्यात मी अर्धा दिवस घालवला. दुसरीचा वर्ग होता आणि तास इंग्रजीचा. फळ्यावर दहा वाक्ये लिहिलेली होती. प्रत्येकात एक रिकामी जागा, आणि तिथे 'इज' किंवा 'आर' यांपैकी योग्य शब्द भरायचा. पुढच्या रांगेतल्या एका मुलीची वही शिक्षिकेने मोठ्या कौतुकाने मला दाखवली. अक्षर मोत्यासारखे, दहापैकी दहा गुण आणि खाली लाल शाईने दिलेली शाबासकी.

मी त्या मुलीला इंग्रजीत विचारले, 'व्हेअर इज युअर बॅग?' ती उठून उभी राहिली, हात मागे बांधले आणि शिक्षिकेच्या तोंडाकडे पाहू लागली. शिक्षिकेने तोच प्रश्न हिंदीत विचारला. मुलगी काहीतरी पुटपुटली, पण ते कोणालाच ऐकू गेले नाही. मग मला माझ्या आजोळची बोली आठवली आणि मी ढूंढाडीत विचारले, 'थारो बस्तो कठै छै?' ती खुदकन हसली आणि लगेच म्हणाली, 'टेबल कै नीचै.'

त्या तीन शब्दांत काय नव्हते? नाम होते, त्या नामाला जोडलेला संबंधदर्शक प्रत्यय होता, आणि एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या संदर्भात कोठे आहे याचे अचूक भान होते. व्याकरणात त्या मुलीला कोणतीही उणीव नव्हती. तिच्याजवळ नव्हती ती इंग्रजी. तिला आम्ही इंग्रजीचे व्याकरण दिले होते आणि इंग्रजी द्यायचे विसरून गेलो होतो.

या एका वर्गाची कथा सांगण्याचे कारण असे की, राजस्थानात गेली सहा वर्षे इंग्रजी शाळांवरून जे राजकारण चालले आहे त्यात या मुलीचा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. अशोक गेहलोत यांच्या सरकारने २०१९ मध्ये महात्मा गांधी यांच्या दीडशेव्या जयंतीचे निमित्त साधून प्रत्येक जिल्ह्यात एक, अशा तेहतीस 'महात्मा गांधी राजकीय विद्यालयां'ची सुरुवात केली. माध्यम इंग्रजी, शुल्क नाही, प्रवेश सोडतीने. (ज्या गांधींनी 'हिंद स्वराज'पासून वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपर्यंत मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह धरला, त्यांच्याच नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा निघाव्यात, हा विनोद कोणाला सुचला ते कळायला मार्ग नाही.) कल्पना लोकांना भावली. सोडतीसाठी जागांच्या कितीतरी पट अर्ज येऊ लागले. हे पाहिल्यावर सरकारचा धीर वाढला आणि नंतर सुटलाही. २०२३ च्या निवडणुकीपर्यंत या शाळांची संख्या साडेतीन हजारांच्या पुढे गेली होती.

एवढ्या शाळा नव्याने बांधल्या गेल्या नव्हत्या हे उघड आहे. गावात आधीपासून चालत असलेली हिंदी माध्यमाची शाळा घ्यायची, तिचे नाव बदलायचे, भिंतीवर नवा रंग चढवायचा आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यम सुरू करायचे, ही पद्धत. शिक्षक बहुतेक त्याच शिक्षण विभागातले. आयुष्यभर हिंदीतून शिकलेले आणि हिंदीतून शिकवलेले लोक एक मुलाखत देऊन इंग्रजी माध्यमाचे शिक्षक झाले. ज्या गावात दुसरी शाळा नव्हती तिथल्या पालकांनी विरोध केला. जोधपूर भागातील पिलवा या गावचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि हिंदीतून शिकण्याचा मुलांचा हक्क मान्य करून न्यायालयाने तेथील रूपांतर रद्द ठरवले. भाजपचे सरकार आल्यानंतर शिक्षणमंत्री मदन दिलावर यांनी या शाळांच्या फेरविचाराची भाषा सुरू केली आणि जानेवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री प्रेमचंद बैरवा यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची एक समिती नेमली गेली. काँग्रेसने ओरड केली की गरिबांच्या मुलांची इंग्रजी हिरावून घेतली जात आहे. भाजपचे म्हणणे, तयारी नसताना नुसत्या पाट्या बदलल्या गेल्या. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि दोघांनाही त्या मुलीच्या दप्तराशी देणेघेणे नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा खेळ परका वाटणार नाही. तुमच्याकडे २०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीच्या वर्गात तिसरी भाषा असावी की नसावी यावर शासन निर्णय निघाला, सुधारला गेला आणि शेवटी मागेही घेतला गेला. त्याआधी पाव शतकापूर्वी, २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय झाला, तेव्हाही असेच रण पेटले होते. त्याच्याही आधी, बाळासाहेब खेरांच्या काळात, मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली होती. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढली, मग दोन आयोग नेमून तिसरीत परत आणली आणि त्यानंतर पहिलीत. आपल्या देशात सत्तर-पंच्याहत्तर वर्षे एकच प्रश्न विचारला जातो, इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून? ती कशी शिकवायची आणि शिकवणार कोण, हा प्रश्न मंत्रिमंडळाच्या बैठकीत येत नाही, कारण त्याचे उत्तर एका ओळीच्या आदेशाने देता येत नाही.

पालकांचे काय चुकते, असे मला नेहमी विचारले जाते. माझ्या मते काहीच चुकत नाही. जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर दिवसभर उभे राहिले तर शिकवणी वर्गांच्या फलकांखेरीज काही दिसत नाही आणि त्यातले निम्मे फलक 'फाडफाड इंग्रजी'ची हमी देतात. जो बाप जोहरी बाजारात नगीने घासतो किंवा सांगानेरात कापडावर ठसे उमटवतो, त्याने आयुष्यभर पाहिलेले असते की माल तोच असतो, पण गिऱ्हाइकाशी बोलू शकणारा माणूस दुकानाच्या गादीवर बसतो आणि न बोलू शकणारा मागच्या खोलीत. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला तो याच अनुभवातून. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. ती गंमत नव्हती. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांनी इतरांना मातृभाषेची थोरवी सांगावी, यात एक अशोभनीयता आहे, आणि माझ्यासारख्या स्तंभलेखकांनी ती मान्य करूनच पुढे बोलावे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात स्पष्ट केले की राज्य सरकार खासगी शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही. एका निकालाने इंग्रजी निवडण्याचा मार्ग मोकळा ठेवला, दुसऱ्याने हिंदीत राहण्याचा. निवड मुलाच्या घरची.

तेव्हा प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाही. प्रश्न असा की, जी वस्तू मागितली तीच मुलाच्या हाती पडते आहे का? वार्षिक शैक्षणिक स्थितीचा 'असर' अहवाल हे काम वर्षानुवर्षे करत आला आहे. २०१६ साली त्याने ग्रामीण भारतातील मुलांची इंग्रजी तपासली. पाचवीतील सुमारे एक चतुर्थांश मुले सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होती आणि २००९ पासून हे प्रमाण जवळपास जागचे हलले नव्हते. ज्यांना वाचता आले त्यांच्यातल्याही बऱ्याच मुलांना वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. म्हणजे ओठ हलत होते एवढेच. आणि ही इंग्रजीचीच व्यथा आहे असेही नाही. २०२४ च्या अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलेच आपल्या शाळेच्या भाषेत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. याचा सरळ अर्थ असा की, ज्या मुलाला अजून कोणत्याच भाषेत वाचता येत नाही त्याला आपण 'प्रॉपर नाउन' आणि 'कॉमन नाउन' यांतला फरक पाठ करायला लावतो.

हे व्याकरण पहिली-दुसरीच्या वर्गात आले कोठून? माझ्या पिढीच्या उत्तर भारतीय घरांत रामचरितमानसाशेजारी दुसरे एक जाडजूड पुस्तक असे, रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यातले पी. सी. रेन हे पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते आणि पुढे 'बो जेस्ट' या साहसी कादंबरीमुळे जगभर गाजले. मराठी घरांत हेच स्थान तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे होते, असे माझे पुण्याचे मित्र सांगतात. कोर्टात कारकुनी करू इच्छिणाऱ्या, तारमास्तर होऊ पाहणाऱ्या कितीतरी तरुणांनी ती पुस्तके कंदिलाच्या उजेडात गिरवली आणि त्यांचे संसार उभे राहिले. त्या पुस्तकांचा अनादर मला करायचा नाही. परंतु ती कोणासाठी होती? रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाच्या नावातच 'हायस्कूल' हा शब्द आहे. ज्याला आपली भाषा उत्तम लिहिता-वाचता येते, ज्याचे वय बारा-चौदाच्या पुढे आहे, ज्याला कर्ता-कर्म-क्रियापद ही भानगड स्वभाषेत ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो प्रपंच होता. स्वस्त खासगी शाळांच्या स्पर्धेत तोच प्रपंच वर्षागणिक खाली घसरत गेला. आठवीतून पाचवीत, पाचवीतून दुसरीत, आणि आता जयपूरच्या गल्लीबोळांतल्या 'सेंट' अमुक आणि 'कॉन्व्हेंट' तमुक शाळांत शिशुवर्गाची मुले 'नाउन'ची व्याख्या एका सुरात म्हणतात. पालक दाराशी उभे राहून ऐकतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. मुलगा इंग्रजी बोलतो आहे असे त्यांना वाटते.

वास्तविक लहान मूल व्याकरण शिकण्यात कोणत्याही पंडिताला हार जात नाही, पण ते व्याख्येतून शिकत नाही. अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सात वर्षांच्या मुलांना तिने पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि सांगितले, हा 'वग'. मग तसल्याच दोघांचे चित्र दाखवून विचारले, आता हे दोन काय? बहुतेक मुलांनी 'वग्ज' असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता, कारण तो अस्तित्वातच नव्हता. अनेकवचनाचा नियम मात्र त्यांच्या आत तयार होता. हीच गोष्ट आपल्या घरांतही घडते. जयपूरचे मूल 'किया' न म्हणता 'करा' म्हणते, मराठी मूल कधी 'केलं'च्या जागी 'करलं' म्हणते. आपण हसतो. पण ती चूक नियम न समजल्याची नसते, नियम फार चांगला समजल्याची असते. अपवाद तेवढा ऐकायचा राहिलेला असतो. तो आणखी काही महिन्यांत, कोणी शिकवला नाही तरी, कानावर पडून पक्का होतो.

यातला 'कानावर पडून' हा भाग महत्त्वाचा. नियम बांधायला मुलाला माल लागतो. दिवसभर, शेकडो वाक्ये, खऱ्या वस्तूंबद्दल, खऱ्या माणसांकडून. मातृभाषेत हा माल आई-आजी, गल्ली, भांडणे आणि गाणी पुरवतात. सांगानेरच्या त्या मुलीला इंग्रजीचा माल कोण पुरवणार? घरात कोणी नाही, गल्लीत कोणी नाही, आणि शाळेत मिळते ती चाळीस मिनिटे, ज्यांत निम्मा वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात जातो. नियम मात्र दहा मिळतात. धान्य न देता चाळणी हाती देण्याचा हा प्रकार आहे.

उलट उदाहरण जयपूरमध्येच आहे. आमेरच्या किल्ल्याच्या वाटेवर कठपुतळ्या आणि हत्तीची चित्रे विकणारी मुले पाहा. त्यांच्यातल्या अनेकांची शाळेशी ओळख जेमतेम. पण परदेशी माणसाला थांबवणे, भाव सांगणे, कमी करणे, त्याची थट्टा करणे, त्याच्या देशाच्या क्रिकेट किंवा फुटबॉल संघाची विचारपूस करणे, सारे इंग्रजीत. काळ चुकतात, 'अ' आणि 'द' यांना तर ती मुले ओळखही देत नाहीत. तरी व्यवहार अडत नाही. या मुलांचे बालपण बाजारात जावे असे मी सुचवत नाही. ती वर्गात असायला हवीत. पण वर्गात नसताना त्यांना जे मिळाले ते वर्गातल्या मुलीला का मिळू नये, हे कोणी तरी सांगायला हवे. त्यांना प्रत्येक वाक्याला उत्तर मिळत गेले, म्हणून ती बोलू लागली.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तिथेही गंमत पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून प्राथमिक शाळा संपताना मुलांची व्याकरणाची वेगळी परीक्षा घेतली जाते आणि तिथले लेखक तिच्यावर सातत्याने टीका करत आले आहेत. २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि यॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी सहा-सात वर्षांच्या मुलांवरील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला व्याकरणाचे खास धडे, दुसऱ्याला नेहमीचे शिक्षण. गोष्ट लिहिण्याच्या क्षमतेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. जन्मापासून इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांची ही अवस्था असेल, तर ढूंढाडी ऐकत वाढलेल्या मुलीला त्या धड्यांतून काय मिळणार?

तिच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, ज्याकडे दिल्लीतल्या धोरणकर्त्यांचे लक्ष जात नाही. कागदावर जयपूरची मातृभाषा हिंदी आहे. प्रत्यक्षात तिच्या घरी 'छै' आहे, 'है' नाही. राजस्थानीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळावे असा ठराव राज्याच्या विधानसभेने २००३ मध्ये एकमताने केला, तो अजून दिल्लीत पडून आहे. पहिलीत आल्याबरोबर त्या मुलीला कळते की आपण बोलतो ती भाषा नव्हेच, ती गावंढळ सवय आहे. आधी तिला हिंदीत 'सुधारले' जाते, आणि ती सुधारणा पुरी होण्याआधीच इंग्रजीत ढकलले जाते. पहिल्या दोन पायऱ्या काढून घेतल्यावर तिसरीवर उडी मारायला सांगण्यासारखे हे आहे. विदर्भातली वऱ्हाडी, खानदेशातली अहिराणी, मेळघाटातली कोरकू बोलणारी मुले हाच अनुभव घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे आणि २०२० चे राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच सांगते. पण 'शक्यतो' हा शब्द आपल्या कायद्यांत खिडकीसारखा असतो. नको असलेले सगळे तिथून बाहेर टाकता येते.

आणि ही घरची भाषा इंग्रजीच्या वाटेतला अडथळा नसून तिची सर्वांत जवळची वाट आहे, हे वर्गात सहज दाखवता येते. 'टेबल कै नीचै' म्हणणाऱ्या मुलीला एकच गोष्ट नवी आहे. आपल्याकडे 'खाली' हा शब्द वस्तूच्या मागे येतो, इंग्रजीत तो पुढे जातो. दप्तर टेबलाखाली ठेवा, 'अंडर द टेबल' म्हणा. टेबलावर ठेवा, 'ऑन द टेबल'. पेटीत टाका. मुलांना स्वतःलाच टेबलाखाली बसू द्या, वर्ग हसून लोळेल आणि ती रचना जन्मभर विसरणार नाही. तसेच आपल्याला भूक 'लागते', ती बाहेरून आपल्याकडे येते. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला 'असतो'. आपल्याकडे पुस्तक आपल्या 'कडे' असते, इंग्रजीत आपण ते 'बाळगतो'. मराठीत टेबलाला, खुर्चीला, पुस्तकालाही लिंग असते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना ती कटकट नाही. हे कळल्यावर मुलांना केवढा आनंद होतो! आमच्या भाषांत 'अ' आणि 'द' यांसारखे काही नाही, म्हणून तिथे मुले अडखळतात आणि ती काही वर्षे अडखळणारच. हिंदी-मराठी शिकणारा इंग्रज 'ने' या प्रत्ययाशी आयुष्यभर झुंजतो आणि त्याला कोणी लाल शाईने खोडत नाही. आठ वर्षांच्या मुलाकडून ज्या चुका अपेक्षितच आहेत त्यांवर गुण कापणे म्हणजे रांगणाऱ्या मुलाला चालता येत नाही म्हणून दंड करणे.

दुसरीतल्या मुलाला इंग्रजी व्याकरण किती यावे, असे मला विचाराल तर यादी लहान आहे. एक आणि अनेक. हे आणि ते. तो, ती आणि निर्जीव वस्तू. वर, खाली, आत. आहे आणि आहेत. करतो आहे आणि केले. होय, नाही आणि प्रश्न. एवढे तोंडात बसले की पुढचे घर त्यावर बांधता येते. पण यातला एकही घटक नावाने ओळखायची मुलाला गरज नाही. 'प्रिपोझिशन' हा शब्द त्याने पाचवी-सहावीत ऐकला तरी चालेल. तेव्हा त्याला समजेल की, अरे, हे तर मी केव्हापासून बोलतो आहे.

हे काम करणार कोण, इथे गाडी येऊन अडते. त्या वर्गातल्या शिक्षिकेला मी दोष देऊ शकत नाही. ती स्वतः हिंदी माध्यमात, टोंक जिल्ह्यातल्या एका गावात शिकली. इंग्रजी तिला वाचता येते, लिहिता येते, पण बोलायला लागली की घसा कोरडा पडतो, असे तिनेच सांगितले. व्याकरणाचा तक्ता तिचा आधार आहे. फळ्यावर लिहिता येतो, वहीत उतरवून घेता येतो, तपासता येतो, आणि त्यात बोलावे लागत नाही. 'इज' आणि 'आर' भरण्याच्या कामात शिक्षक व विद्यार्थी दोघेही एकमेकांपासून आपले अज्ञान झाकू शकतात. आपल्या प्राथमिक शाळांत व्याकरण एवढे का माजले आहे, याचे मला सापडलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

या शिक्षिकेला पाट्या बदलून इंग्रजी येणार नाही. महाराष्ट्रात 'तेजस' नावाच्या उपक्रमात राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे लहान गट करून त्यांना नियमित भेटायला, एकमेकांशी इंग्रजीत बोलायला आणि वर्गातले अनुभव सांगायला लावले होते. कल्पना साधी होती. शिक्षकाची भीती दुसऱ्या शिक्षकासमोर मोडते, व्याख्यात्यासमोर मोडत नाही. असे काम संथ असते, त्याचे उद्घाटन करता येत नाही आणि निवडणुकीपूर्वी त्याचा आकडा सांगता येत नाही. राजस्थानात तीन-साडेतीन हजार शाळांच्या नावांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या काही अंशाने जरी पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना वर्षभर असे बसवले असते, तर आज मंत्र्यांच्या समितीपुढे मोजायला काहीतरी असते. ही समिती शाळा बंद करण्याची शिफारस करो किंवा चालू ठेवण्याची, तिने निदान एक तपासणी करावी. कोणत्याही पन्नास शाळांत जावे, दुसरीतल्या मुलांना त्यांचे दप्तर कोठे आहे ते इंग्रजीत विचारावे आणि वह्या उघडू नयेत.

निघताना मी शिक्षिकेला दप्तराचा खेळ करून दाखवला. मुले टेबलाखाली, बाकावर, दाराआड. दहा मिनिटांत ती मुलगी मोठ्याने 'अंडर' आणि 'ऑन' ओरडत होती, आणि एकदा तिने स्वतः शिक्षिकेलाच विचारले, 'मॅडम, व्हेअर इज?' पुढचा शब्द तिला सापडला नाही, तिने बोटाने डस्टर दाखवले. शिक्षिका हसली. मग दाराशी पोचवायला येताना तिने हळू आवाजात मला विचारले, 'पण सर, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. याचे वहीत काय लिहून दाखवायचे?'